‘क्रीम’च्या विघटनाचे खापर

महोदय,

रॉक संगीतातील आद्य सुपरग्रुपांपैकी (आधीच नावाजलेल्या वादकांनी मिळून काढलेल्या संगीतसमूहांपैकी) एक मानला जाणारा ‘क्रीम’ १९६६ साली लंडनमध्ये स्थापन झाला आणि जेमतेम अडीच वर्षांत विसर्जितही झाला. याचे सारे खापर त्यातील बास गिटारवादक-गायक जॅक ब्रूस आणि ड्रमवादक जिंजर बेकर यांच्या हाडवैरावर फोडले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. हे वैर दोघे पूर्वी ज्यात वाजवत त्या ग्रॅहम बाँड यांच्या वाद्यवृंदापासूनचे, म्हणजे ‘क्रीम’च्या आधीचे होते, तरीही याच दोघांनी गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्यासह ब्लूज आणि जाझची अपूर्व सांगड घातली. माझ्या मते घात केला तो आवाजाने. मंचावर आवाज प्रचंड वाढवणाऱ्या मार्शल अॅम्प्लिफायरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि परस्परांचे ऐकणेच संपले. एका मैफलीत आपण वाजवायचे थांबलो तरी इतर दोघांना पत्ता लागला नाही, असे खुद्द क्लॅप्टन यांनी सांगितले आहे. एकमेकांना दाद देत फुलणाऱ्या संगीतासाठी यापरते दुर्दैव कोणते? २६ नोव्हेंबर १९६८ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाची मैफल झाली. मे २००५ मध्ये तिघे तिथेच पुन्हा एकत्र आले, तेव्हाचे ध्वनिमुद्रण तरुण वादकांनी आवर्जून ऐकावे.

– एक वाचक, पुणे