माळावरची कोंबडी

ह्यूस्टन, एप्रिल

प्रिय सई,

रविवारी आई आणि मी ईगल लेकजवळच्या अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकन, म्हणजे माळावर राहणाऱ्या रानटी कोंबडीच्या, अभयारण्यात जाऊन आलो. तू सातवीत असताना ‘कोंबडी बघायला कोण एवढं लांब जातं?’ म्हणून बेत मोडला होतास. या वेळीही पक्षी दिसला नाही, त्यामुळे तू जिंकलीस म्हण.

गाडीतूनच पाचेक मैलांची फेरी मारली. दोन्ही बाजूंना गवत आणि रानफुलं. अर्ध्या तासात आईनं दुर्बीण माझ्या हातात दिली आणि डबा उघडला. चूक आमचीच. नर पहाटे माळावर जमून पाय आपटतात, मानेच्या पिशव्या फुगवून घुमतात. आम्ही पोचलो साडेदहाला! घरी येऊन व्हिडिओत ते घुमणं ऐकलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसं.

शंभरेक वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या माळांवर हे पक्षी लाखोंनी होते. माळ नांगरले गेले, शहरं वसली. आपलं घरही बहुधा त्यातल्याच एखाद्या माळावर उभं असेल. 1996 साली रानात 42 पक्षी उरले. आता पिंजऱ्यात वाढवून सोडतात. शाळेच्या सहलीला नासात रॉकेट बघून आलीस ना, त्याच जॉन्सन सेंटरच्या आवारात इथल्या प्राणिसंग्रहालयानं या कोंबड्या वाढवल्या. 2017 च्या हार्वी वादळात आपण टीव्ही माडीवर नेत होतो, तेव्हा यांचा माळही बुडाला होता.

एक गोष्ट मात्र मला नवीनच कळली. सोडलेल्या माद्या अंडी घालत, पिल्लंही निघत, पण ती जगत नसत. कारण काय, तर आपल्या अंगणातल्या त्या लाल मुंग्या! मला वाटलं, चावून मारत असतील. तसं नाही. या परदेशी मुंग्या माळावरचे किडे संपवतात आणि पिल्लांच्या चोचीत काही पडतच नाही. म्हणून तिथं मुंग्यांसाठी आमिष टाकतात.

खरं सांगू? मला सारखं नान्नज आठवत होतं. आजोबा सोलापूरहून सायकलनं तिथं माळढोक बघायला जायचे. एकदा मलाही चल म्हणाले. दहावीचं वर्ष होतं, मी क्लासचं निमित्त सांगितलं. आता तिथं माळढोक दिसला तर बातमी होते.

पुढच्या वसंतात तू आलीस की पहाटे चारला निघू. आई येणार नाही म्हणते, पण डबा देईल.

तुझा,
बाबा