सूचना : उबंटूवर पायथनचे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट तयार ठेवण्याबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पुढील सराव सत्र उबंटू 24.04 या ऑपरेटिंग सिस्टिमवर होणार असून त्याआधी प्रत्येकाने आपल्या संगणकावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची पॅकेजेस यंत्रणेपासून वेगळी ठेवणारा फोल्डर) तयार करून ठेवावे.

या आवृत्तीसोबत पायथन 3.12 येते, परंतु सॉफ्टवेअर अपडेटरसारखी यंत्रणेची स्वतःची साधनेही त्यावरच चालत असल्याने, पिपने (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने) थेट पॅकेज टाकू पाहिल्यास ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश येऊन काम थांबते. हा बिघाड नसून संरक्षण आहे. त्यावर उपाय म्हणून इंटरनेटवर सर्रास सुचवला जाणारा ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय कृपया कोणीही वापरू नये, आणि पिपच्या आधी सुडोही (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावू नये. यंत्रणेचे पायथन बिघडले, तर ते पूर्ववत करणे नवख्या माणसाला फार जड जाते.

प्रथम ॲप्टने (उबंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाने) पायथनचे ‘व्हेन्व्ह’ पॅकेज घ्यावे, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट तयार करून ते सक्रिय करावे आणि टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला त्याचे नाव कंसात दिसू लागल्यावरच नम्पाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब ही पॅकेजेस व नोटबुक चालवणारे ज्युपिटरलॅब पिपने इन्स्टॉल करावे. ज्युपिटर याच एन्व्हायर्नमेंटमध्ये असावे, अन्यथा इन्स्टॉल केलेले पांडाजही नोटबुकला सापडत नाही. नवे टर्मिनल उघडल्यावर एन्व्हायर्नमेंट पुन्हा सक्रिय करावे लागते, हेही ध्यानात असावे.

एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर एकमेकांना कॉपी करून देऊ नये, कारण त्यात मूळ संगणकावरील पत्ते लिहिलेले असतात. त्याऐवजी ‘पिप फ्रीझ’ने तयार केलेली आवृत्त्यांची यादी द्यावी.