आवडत्या खेळांची नावं शनिवारपर्यंत कळवा

सर्व सभासदांना नमस्कार,

पुढच्या बैठकीत कोणते बोर्ड गेम मांडायचे ते ठरवायचंय आणि आतापर्यंत तिघांचीच नावं आली आहेत! नुसतं नाव नको. किती जण खेळू शकतात आणि नवख्याला नियम समजायला किती वेळ लागतो, तेही लिहा.

सुरुवात मीच करतो. आठ जण असतील तर 'कोडनेम्स' (२०१५). टेबलावर २५ शब्द मांडायचे, दोन संघ करायचे आणि म्होरक्याने एक शब्द व एक आकडा एवढीच खूण द्यायची; त्यावरून संघाने आपले शब्द ओळखायचे. मागे मी 'पाणी, ३' म्हटलं आणि आमच्या संघाने बेधडक 'मारेकऱ्याच्या' शब्दावर, म्हणजे निवडला की हरवणाऱ्या शब्दावरच, बोट ठेवलं. डाव तिथेच खलास. चौघंच असाल तर 'कटान' (१९९५). फाशांवर ७ पडले की ज्यांच्या हातात ७ पेक्षा जास्त पत्ते, त्यांचे निम्मे जातात, तेव्हा रुसवेफुगवे धरून चाला. भांडण नकोच असेल तर 'पँडेमिक': सगळे एका बाजूला, रोगाच्या साथी दुसऱ्या बाजूला. फक्त एकानेच सगळ्यांच्या चाली ठरवू नयेत.

'मोनोपॉली' सुचवणाऱ्यांनी डाव संपायला लागणारा वेळही प्रामाणिकपणे लिहावा.

खेळ आणणाऱ्यांनी पत्ते-सोंगट्या घरूनच मोजून आणाव्यात.