तुझ्या ओट्यावरचा फळा

धुळे, 9 जानेवारी

प्रिय सखे,

कशी शेस वं माय? पहाटे नळ आला होता. पाणी भरून झालं, हात अजून गारठलेलेच आहेत. तरी लिहायला बसले, कारण तुला न विचारता आम्ही एक गोष्ट केली आहे. तुझ्या आईच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या हाताला, एक फळा ठोकलाय.

त्याचं कारण सांगते. दसऱ्याच्या सुमारास कोपऱ्यावरच्या काकू मोरीत घसरून पडल्या. पडल्या सकाळी आणि कळलं संध्याकाळी, दूधवाल्याने कडी वाजवली तेव्हा! तोवर मी दोनदा त्यांच्या दारावरून गेले होते गं. दार लोटलेलं, वाटलं निजल्या असतील. मांडीचं हाड मोडलं होतं. तुझी आई असती तर ‘आज काकूंनी सडा नाही टाकला’ म्हणत केव्हाच आत शिरली असती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आईमागे ओटा मोकळा पडला आणि गल्लीचं बोलणंच तुटलं होतं. फोनवर दिवसभर सुविचार येतात, शेजारच्या घरात कोण आजारी आहे ते येत नाही. म्हणून फळा. नळ कधी येणार, कुणाला रक्त हवंय, काकूंचा डबा आज कुणाकडे, सगळं त्यावर. शेवटच्या घरातली सातवीतली पोरगी रोज संध्याकाळी लिहिते. आधी ‘डबा’चं ‘डब्बा’ लिहायची. लिहिता लिहिता चार बाया जमतात, अन् मग बसतातच.

त्या बसण्यातूनच बोअरचं भांडण मिटलं. आठवतं ना, उन्हाळ्यात मोटर लावायला कशी चढाओढ असायची? साक्रीकडचे एक आजोबा आपल्याकडे भाड्याने राहायला आलेत. त्यांनी पांझरा नदीवरच्या फडांची, म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या गटांची, पाणी वाटायची पद्धत समजावली. शेकडो वर्षांची रीत आहे ती: बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि कुणी आपल्या हाताने बारं धरायचं नाही, म्हणजे शेतात पाणी वळवायचं नाही. पाणी त्यासाठी नेमलेले पाटकरी आणि बारेकरीच देणार, मग शेत कुणाचंही असो. मी धुळ्यात जन्मले, पांझरेच्या पुलावरून रोज शाळेत गेले, पण हे मला ठाऊक नव्हतं. आता मोटरची किल्ली एकाच घरी असते, दर महिन्याला घर बदलतं, आणि पाणी आधी शेवटच्या घराला. पहिल्या घराने आठ दिवस तोंड फुगवलं, पण ऐकलं.

मागच्या रविवारी भरीत केलं. फळ्यावर ‘पऱ्हाट्या कोण आणतं?’ एवढंच लिहिलं होतं, तर तीन घरांतून कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे आले. तुझ्या ओट्यासमोरच जाळ केला. हिरवी वांगी करपून साल सुटायला लागली, तो वास साऱ्या गल्लीत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी माझ्याकडे होत्या. काकूंना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी मिरच्या ठेचून दिल्या आणि तिखट कमी पडलं म्हणून आम्हालाच रागावल्या.

भिंतीला दोन खिळे मारलेत, पोपडे पडले तेवढे लिंपून दिलेत. राग नको धरूस. दार उघडायचं मात्र तुझ्याच हातात आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी येणार, असं त्या पोरीने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय. रोज बाकीचं सगळं पुसते, तेवढं ठेवते.

तुझीच,
समोरच्या दारची