नागपूरच्या मेडिकलवाल्या काकांचे आभार

फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आले होते. फेरी रुग्ण समुपदेशनाची आणि माझा डेमो इनहेलर रिक्षात राहिलेला! पाऊण तास उरला असताना रडवेली होऊन तुमच्या दुकानात शिरले. तुम्ही खणातून औषध नसलेला इनहेलर काढून दिलात, वर म्हणालात, "आता मी पेशंट. समजाव." गिऱ्हाईकं ताटकळत असताना सगळं ऐकलंत. "श्वास दहा सेकंद रोखायचा, हे बरोबर. पण स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, ते राहिलं बघ." परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं! तिसरा नंबर आला. संध्याकाळी पेढे घेऊन आले, तर रविवार म्हणून शटर खाली. काका, मनापासून आभार. इनहेलर अजून माझ्याकडेच आहे, आणून देते.