काका बोलले!

ठाणे, 21 सप्टेंबर

प्रिय सुमे,

मी बरी आहे, पाठ दुखतेच, बीपीची गोळी चालू, आई टीव्ही मोठ्याने लावते म्हणजे तीही ठणठणीत. हे झालं. आता ऐक. फोनच करणार होते, पण तू मधेच 'मी तेव्हाच म्हटलं होतं' सुरू करतेस, म्हणून लिहितेय.

काका बोलले! आमच्या लायब्ररीतले काका, म्हणजे कपाटांबद्दल बोलले. तुला त्यांची रीत माहितीये, पुस्तक मागितलं की मान वर न करता उठणार, मागच्या खोलीत जाणार, दोन मिनिटांत पुस्तक काउंटरवर, आणि कुठे होतं विचारलं की "आहे तिथेच होतं". रजिस्टर एक सांगतं, रॅकवरची पट्टी दुसरं, आणि खरी जागा काकांच्या डोक्यात. डिसेंबरात रिटायर होतायत आणि मला रात्री तोच घोर, की ते गेले की पुस्तकं जागच्या जागी असून अर्धी लायब्ररी गहाळ.

दुसऱ्या टोकाला प्राजू. कोहा, म्हणजे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, तिच्याशिवाय कोणाला धड येत नाही आणि कोणाला यावं असं तिलाही वाटत नाही, आणि का वाटावं गं, अकरा महिन्यांची ऑर्डर, दुसऱ्याला आलं की हिला कोण ठेवतंय. सगळे म्हणतात स्टाफला टीमवर्क नको, मानसिकताच नाही. मानसिकता कसली डोंबलाची, जे एकट्याला येतं तीच त्यांच्या नोकरीची हमी, ती फुकट वाटा म्हणणारे आपण कोण? (लपवण्याचा विषय निघालाच आहे तर कोलन वर्गीकरणाच्या नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत उशीखाली कोणी ठेवल्या होत्या? मी मागितल्याच नाहीत म्हणतेस. मागितल्या होत्या, मामलेदारमध्ये, तू तिखट मिसळ खाऊन रडत होतीस म्हणून आठवत नसेल.)

तर जूनपासून शनिवारी उघडायच्या आधी अर्धा तास, चहा लायब्ररीचा, आणि एकाने एक काम बाकीच्यांना करून दाखवायचं. भाषण नाही, पीपीटी नाही. पहिल्या शनिवारी सगळे चहा पिऊन रिकाम्या कपात बघत बसले. मग पुढच्या वेळी शिपाईमामांनी सुटलेल्या कण्याला खळ कशी लावतात ते दाखवलं, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही, आणि "सेलोटेप लावताना दिसला तर हात तोडीन" हे माझ्याकडे बघून. देवघेवीवरच्या बाई मात्र येत नाहीत, म्हणतात अर्धा तास ड्युटीत धरा मग येते, आणि मला त्यांचं पटतं, तसं मी लायब्ररीच्या कार्यकारी मंडळाला लिहूनही दिलंय.

तर मंडळातले ते, ग्रुप फोटोत कायम मधोमध असणारे, म्हणाले शिकायला पगार देतो का आपण, आणि ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तेव्हा कोण करत होतं ट्रेनिंग! याच माणसाने 12 ऑगस्टला, आपल्या ग्रंथालयशास्त्राचा जनक त्या रंगनाथनच्या जयंतीला, त्याच्या फोटोला हार घालून 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' हे 1931 चं वाक्य चिठ्ठीवरून वाचलं आणि मग बटाटेवड्यांवर तुटून पडला. अरे तो रंगनाथन मुळात गणिताचा मास्तर, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपाल केला तर चार दिवसांत कंटाळून परत शिकवायला जाऊ द्या म्हणत होता, तिथे लंडनला शिकायला पाठवला तेव्हा कुठे आपला रंगनाथन झाला. हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. जिन्यात सुचलं.

असो. मागच्या आठवड्यात एक आजोबा आले, सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं जुनं पुस्तक, नावात 'दऱ्याखोऱ्या' आहे एवढं नक्की. प्राजूने टाइप केलं, शून्य. परत केलं, शून्य. काका उठले, आणलं, ठेवलं, वर ते त्यांचं खास हसू. एरवी तिथेच संपलं असतं. पण ही पोरगी आजोबा गेल्यावर दाखल क्रमांक टाकून त्याची नोंद उघडून बसली. शब्द हुबेहूब तोच! मग तिने तो नोंदीतूनच कॉपी करून शोधला, तर लगेच सापडला. म्हणजे गंमत अशी की ऱ्य कंप्यूटरमध्ये दोन तऱ्हांनी बनतो, एक खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारी खूण घालून. आपल्याला एकच दिसतं, मशिनला दोन वेगळे शब्द. जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये आणला तो एका तऱ्हेने आला, आपण आता टाइप करतो दुसऱ्या.

शनिवारी तिने हे सगळ्यांना दाखवलं. काका मागे, हाताची घडी. ती म्हणाली अशी अजून किती असतील काय माहीत, आणि काका म्हणाले, "लिही." आणि सुमे, सुरूच! ताऱ्यांवरची, शेतकऱ्यांवरची अख्खी ओळ, तिसऱ्या कपाटाचा खालचा खण, "ह्याच्या दोन प्रती, एक बाद केलेली, पण मी टाकली नाही." बाद केलेली पुस्तकं या माणसाने कुठे ठेवलीत ते मला त्या दिवशी कळलं! ती लिहितेय, मधेच विचारतेय की हे शेतीत का नाही, ललितमध्ये का, आणि काका सांगतायत, मागणारे तिथेच हात घालतात म्हणून. मी किती वेळा विचारलं असेल हेच. पण मॅडमनी विचारलं की ती चौकशी, आणि तिला खरंच अडलं होतं.

आता घोर पुढचा. काका डिसेंबरात जाणार, प्राजूची ऑर्डर मार्चमध्ये संपते. म्हणजे काकांकडचं प्राजूकडे आलं आणि प्राजूच गेली तर? काउंटरवर एक जाड वही ठेवलीय, ज्याला जे कळलं त्याने लिहायचं. काकांनी आजवर एकच ओळ लिहिलीय, 'पावसाळ्यात मागच्या खिडकीखालचा रॅक हातभर पुढे ओढणे.' ती तरी नसती तर पुढच्या जूनमध्ये चरित्रं भिजली असती. पण ललितमध्ये का हे वहीत येत नाही, ते शेजारी बसल्यावरच येतं. त्यात दिवाळी अंकांची योजना तोंडावर, सभासदांच्या याद्या, अंकांना कव्हरं, शनिवार त्यात वाहून जाणार आणि एकदा मोडला की परत बसत नाही.

म्हणून विचारायचंय, तुझ्याकडे नागपूरला तुम्ही आपापसात टेबलं बदलता ना, कॅटलॉगवाला देवघेवीवर, देवघेववाला मासिकांवर, ते लोकांनी ऐकलं कसं? ऑर्डर काढलीस की गोड बोललीस? (गोड बोलली असशील हे मला पटणार नाही.) आणि भांडणं झाली असतील तीही लिही, मला तीच हवीयेत.

लेकीचं ॲडमिशन झालं का? सासूबाईंचा गुडघा? नव्या घराचे फोटो बघितले, ओटा मस्त, पडदे बदल.

टेबलांचं शुक्रवारच्या आत कळव, शनिवारी संध्याकाळी मंडळाची मीटिंग आहे आणि प्राजूच्या ऑर्डरचा विषय मी घेतलाय.

तुझी,
वंदी

ता.क. व्हॉइस नोट पाठवू नकोस, तुझ्या अकरा मिनिटांच्या व्हॉइस नोटा मी ऐकत नाही.