मोटरचा कागद मागणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मशीन मार्गी लागलं हे फोनवर सांगून झालंच आहे. तरी हे पत्र लिहितोय, आणि उघड लिहितोय. घरी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, बांधायला घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी मोटरला करंट देणाऱ्या पेटीबद्दल "कुठला ड्रायव्हर घेऊ?" असं विचारतो आणि समोरचा एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळा होतो. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, मोटरचा कागद, म्हणजे तिची डेटाशीट, मागितलात. पुढचं सगळं त्या कागदापासून सुरू झालं, म्हणून पहिले आभार त्याचे.

कागदावर कामाचे आकडे चारच होते: २.८ अँपिअर, १.१ ओहम, ३.६ मिलिहेन्री आणि फेऱ्याला २०० स्टेप (स्टेपर मोटर अशा ठरावीक टप्प्यांनी फिरते). २.८ गुणिले १.१ म्हणजे जेमतेम ३ व्होल्ट. मग ३ व्होल्टच्या मोटरला ३६ व्होल्टचा सप्लाय कशासाठी, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही तत्त्वज्ञान न सांगता हिशेब करायला लावलात. तो इथे मांडतो, कारण इतका सरळ हिशेब मला तोवर कुणी करून दाखवला नव्हता.

स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, ५ मिमी आहे. मिनिटाला ३००० मिमी वेग हवा असेल तर मोटर मिनिटाला ६०० फेरे फिरणार, म्हणजे सेकंदाला १०. फेऱ्याला २०० पूर्ण स्टेप धरल्या तर सेकंदाला २०००, आणि एका स्टेपच्या वाट्याला अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलमधला करंट चढला पाहिजे. कॉइल करंटला एकदम चढू देत नाही; चढण्याचा वेग म्हणजे व्होल्टेज भागिले इंडक्टन्स (कागदावरचे ते ३.६ मिलिहेन्री). ३६ व्होल्टला तो मिलिसेकंदाला १० अँपिअर येतो, म्हणजे २.८ ला पोचायला ०.२८ मिलिसेकंद. १२ व्होल्टला त्याच कामाला ०.८४ मिलिसेकंद लागतात आणि तोवर पुढची स्टेप येऊन उभी असते. कॉइलचा रोध आणि फिरत्या मोटरचं उलट व्होल्टेज यात धरलेलं नाही. ते धरलं तर १२ व्होल्टची अवस्था आणखी वाईट. ठरवलेला करंट गाठला की ड्रायव्हर स्वतःच सप्लाय तोडत-जोडत राहतो, त्यामुळे ३६ व्होल्टनं मोटर जळत नाही. मंद वेगाला ताकदवान वाटणारी मोटर वेग वाढवला की लुळी का पडते, ते या तीन-चार ओळींत आलं.

वरची मर्यादाही तुम्हीच सांगितलीत. मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ नं गुणायचं, की सप्लायचा ढोबळ कमाल आकडा मिळतो. आमच्या मोटरला तो साधारण ६० व्होल्ट येतो. पण ड्रायव्हरची हद्द ५० ची, आणि जड गॅन्ट्री (कटर वाहून नेणारा सरकता सांगाडा) झटकन थांबते तेव्हा मोटर जनरेटरसारखी वागून सप्लायकडे उलटा करंट ढकलते. ४८ चा सप्लाय घेतला तर त्या उसळीला जागा उरत नाही. म्हणून ३६.

छोट्या ड्रायव्हरांचा विषय तुम्ही दोन मिनिटांत संपवलात. ए४९८८ पंखा लावूनही २ अँपिअरच्या पुढे जात नाही. टीएमसी२२०९ फार शांत चालतो, पण २९ व्होल्ट आणि २ अँपिअर आरएमएसवर (आरएमएस म्हणजे बदलत्या करंटची परिणामी किंमत) थांबतो. "आवाज येणार नाही, पण कटर लाकडात अडकला की काय करशील?" या तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. थ्रीडी प्रिंटरवर हेच ड्रायव्हर उत्तम काम करतात, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. तेही लिहून ठेवतो, नाहीतर उगाच त्यांची बदनामी व्हायची.

४.२ अँपिअरचा डिजिटल ड्रायव्हर आल्यावर डिप स्विचांची, म्हणजे सेटिंग ठरवणाऱ्या बारीक बटणांची, वेळ आली. त्याच्या पाठीवरच्या तक्त्यात दोन रकाने असतात, पीक, म्हणजे करंटचं शिखर, आणि आरएमएस. २.८ ची मोटर हातात असली की कुणाचीही नजर पीकच्या रकान्यातल्या २.८४ वर जाते. शेजारच्या रकान्यात त्याचा आरएमएस मात्र २.०३ छापलेला असतो. पीकला १.४१ नं भागलं की आरएमएस. मोटरचा आकडा बहुतेक वेळा आरएमएसचा. तुम्ही पीक ३.३१ पासून सुरुवात करायला सांगितलंत आणि तासभर काम करून मोटरला हात लावून बघ म्हणालात. स्टेपर चांगली गरम होते, हात फार वेळ ठेववत नाही, आणि तरीही ती तिच्या मर्यादेत असते, हे आधी कळलं नसतं तर मी भीतीनं करंट उतरवत बसलो असतो.

मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे किती तुकडे करायचे ते, ८ वर ठेवायला सांगितलंत, त्याचंही कारण हिशेबातच होतं. फेऱ्याला १६०० पल्स (एका पल्सला एक तुकडा), ५ मिमी पिच, म्हणजे मिलिमीटरला ३२०. ३००० च्या वेगाला सेकंदाला १६,००० पल्स होतात. ३२ मायक्रोस्टेप घेतले तर ६४,०००, आणि ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे फर्मवेअर ३०,००० च्या आसपासच धापा टाकतं.

कॉइलच्या जोड्या ओळखायची तुमची रीत तर मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. चार मोकळ्या वायरींपैकी कुठल्याही दोन एकमेकींना टेकवायच्या आणि शाफ्ट चिमटीत धरून फिरवायचा. जोडी बरोबर असली की शाफ्ट बोटांना अडखळत, टकटक करत फिरतो. चुकीची असली की मोकळा. मीटर काढायचीही गरज नाही. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता सप्लायचा दिवा विझल्याशिवाय माझा हात कनेक्टरकडे जातच नाही.

आता मुख्य गोष्ट. खोबण कोरताना एक्सवर (डाव्या-उजव्या अक्षावर) काम सरकत होतं. प्रत्येक खोबणीला थोडं, आणि नेहमी डावीकडेच. सल्ले भरपूर मिळाले होते: करंट वाढव, ॲक्सिलरेशन कमी कर, शिल्ड असलेली केबल टाक, ड्रायव्हरच बदल. सल्ला म्हणून यातला एकही वाईट नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "चूक कशाबरोबर वाढते?"

मला हा प्रश्न नीट कळायलाच वेळ लागला. मग तुम्ही फोड केलीत. अंतराबरोबर वाढत असेल तर मिलिमीटरला किती पल्स तो आकडा चुकलाय. वेगाबरोबर वाढत असेल तर टॉर्क कमी पडतोय. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) चालू असतानाच आणि कधी इकडे कधी तिकडे होत असेल तर वायरींत खरखर शिरतेय. आणि दिशा किती वेळा बदलली यावर वाढत असेल तर सिग्नल बघायचे. बेडला डायल, म्हणजे बारीक अंतर मोजणारा काटा, लावून, हवेतच, कटर न लावता आम्ही एक्सला पुढे-मागे फिरवलं. अंतर दहापट केलं, चूक तेवढीच. वेग निम्मा केला, तेवढीच. स्पिंडल बंद, तेवढीच. पुढे-मागे होण्याच्या फेऱ्या दुप्पट केल्या, आणि चूक दुप्पट झाली.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते पाहून मी थक्क झालो. डायलकडे न बघता कागदावर लिहिलंत: दर फेरीला दोन मायक्रोस्टेप, ८० फेऱ्यांना १६० मायक्रोस्टेप, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग मला ८० फेऱ्यांचा प्रोग्राम चालवायला लावलात. डायलचा काटा शून्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर येऊन थांबला. दोन का, एक का नाही, तर एक स्टेप उलट्या दिशेला पडली की हक्काची स्टेपही जाते आणि वर एक उलटीही पडते.

स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, कारण दिसलं. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या निदान ५ मायक्रोसेकंद आधी हवा असतो. जीआरबीएल दिशा आणि पल्स जवळजवळ एकाच दमात पाठवतं. त्यात दिशेच्या वाटेवरचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशानं पलीकडे पोचवणारा भाग) चालू चटकन होतो, पण बंद व्हायला रेंगाळतो. स्क्रीनवर एका बाजूची कड ताठ उभी आणि दुसरी उतारावरून घसरल्यासारखी दिसत होती. म्हणजे डावीकडे वळताना दिशा वेळेवर पोचायची, आणि उजवीकडे परततानाचा हिशेब एका पल्सनं बिघडायचा. दोन्ही कडा सारख्याच उशिरा आल्या असत्या तर जाताना झालेली चूक येताना फिटली असती आणि आम्हाला कधी पत्ताच लागला नसता. दोष ड्रायव्हरचा म्हणता येत नाही, फर्मवेअरचाही नाही. दोघांची गाठ पडली तिथे तो होता. वायवर का दिसत नव्हतं, तेही उलगडलं. खोबण एक्सच्या दिशेनं ये-जा करत कोरली जाते, वाय आपला एकाच बाजूला थोडाथोडा सरकतो.

उपाय एका ओळीचा. जीआरबीएलच्या $२ या सेटिंगमध्ये ७ घालून तिन्ही अक्षांचा पल्स उलटा केला, म्हणजे ड्रायव्हर पल्सच्या शेवटच्या कडेवर स्टेप घेतो, आणि $० वाढवून पल्स २० मायक्रोसेकंदांचा केला. दिशेला स्थिरावायला तेवढा वेळ मिळतो. १६,००० पल्सच्या वेगाला दोन पल्समध्ये ६२.५ मायक्रोसेकंद असतात, त्यामुळे २० आरामात बसतात. हेही तुम्ही बदल करण्याआधी मोजायला लावलंत. त्यानंतर तोच ८० फेऱ्यांचा प्रोग्राम चालवला आणि काटा शून्यावर परत आला.

नवा ड्रायव्हर घ्यायला मी तयार होतो. घेतला असता, त्याचा ऑप्टोकपलर जरा चपळ निघाला असता, तर दुखणं गेलंही असतं, आणि जुना ड्रायव्हर खराब होता असं मी चारचौघांत सांगत फिरलो असतो. ते टळलं, याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. तुम्ही स्वतःचा स्कोप उचलून आणलात, ड्रायव्हरचं झाकण काढून बारीक पायांवर प्रोब धरून अवघडून उभ्या राहिलात आणि वर "चहा नको, आधी पुन्हा चालव" म्हणालात.

वाय आणि झेडवरही तीच चाचणी घेतली, दोन्ही ठीक आहेत. झेडवर मात्र वेगळीच एक गोष्ट दिसतेय: मोटर थांबली की स्पिंडलच्या वजनानं तो किंचित खाली बसतो. $१ मध्ये २५५ घालून करंट सुटू दिला नाही तर बसत नाही. पण मग मोटर सतत गरम राहते. उभी असताना करंट निम्मा करणारा स्विच चालू ठेवून धरून ठेवण्याची ताकद पुरेल का, ते डायल लावून मोजतोय. आकडे आले की फोन करतो.

तुमचा ऋणी,
एक हौशी मशीनवाला